तालमीचा माणूस : जोनास ग्वांगवा

जोनास ग्वांगवा २३ जानेवारी २०२१ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी निवर्तले. दक्षिण आफ्रिकेतील संगीतप्रेमींना ही तारीख आधीच जड झालेली होती. २०१८ साली याच दिवशी त्यांचे तरुणपणापासूनचे सहवादक, ट्रम्पेटवादक ह्यू मासेकेला गेले होते. मासेकेलांचे नाव जगभर पोचले. ग्वांगवांचे नाव मराठी वाचकाला क्वचितच ठाऊक असेल. ते ट्रॉम्बोन वाजवीत, संगीतरचना करीत, आणि ऐन कर्तृत्वाच्या वयातील सुमारे दहा वर्षे त्यांनी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या निर्वासित तरुणांना गाणे, नाचणे व वाजवणे शिकविण्यात घालविली. त्यांच्याविषयी या पृष्ठावर लिहावेसे वाटते ते या दहा वर्षांमुळे. परिवर्तनवादी चळवळीत कलेला जागा कोणती, हा प्रश्न आपल्याकडे अधूनमधून परिसंवादात चर्चिला जातो आणि तेथेच राहतो. ग्वांगवांनी तो तालमीच्या जागी नेला.

आपल्या चळवळीत कलेला जागा आहेच. पण ती सभेच्या आधीची आहे. वक्ते यायला उशीर झाला की शाहिराला उभे करायचे आणि अध्यक्षांची गाडी दिसली की त्याला आवरते घ्यायला सांगायचे, ही आपली रीत. गर्दी जमविण्याचे साधन म्हणून कलावंत आपल्याला हवा असतो. तो कलावंत घडला कसा, त्याला शिकविले कोणी, त्याच्या हाती वाद्य कोठून आले, हे प्रश्न संघटनेच्या कामाचे आहेत असे आपल्याला वाटत नाही. अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य गेल्यामुळे असेल, पण मला हेच प्रश्न आधी पडतात.

ग्वांगवांच्या हाती वाद्य कोठून आले याचे उत्तर मिळते. त्यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९३७ चा, जोहान्सबर्गजवळच्या ऑर्लंडो ईस्ट या काळ्यांच्या वस्तीतला. पुढे सोवेटो म्हणून जी नगरी ओळखली जाऊ लागली तिचाच हा भाग. ट्रेव्हर हडलस्टन नावाचे एक इंग्रज धर्मगुरू त्या काळी सोफियाटाऊन येथे काम करीत आणि रोझेटनव्हिलच्या सेंट पीटर्स शाळेची व्यवस्था पाहात. मासेकेला या शाळेत शिकत होता. मला एक ट्रम्पेट द्या, मी कोणाला त्रास देणार नाही, अशा आशयाचा करार या उनाड मुलाने त्यांच्याशी केला. हडलस्टन यांनी ट्रम्पेट आणून दिला आणि शिकवायला जोहान्सबर्ग नगरपालिकेच्या ‘नेटिव्ह’ ब्रास बँडमधील वृद्ध वादक आणले. मुले त्यांना अंकल सौदा म्हणत. मग इतर मुलेही वाद्ये मागू लागली आणि हडलस्टन जॅझ बँड उभा राहिला. ग्वांगवा त्यातले. त्यांना खरे तर क्लॅरिनेट हवी होती. वाट्याला आला ट्रॉम्बोन. १९५६ च्या सुमारास, हडलस्टन यांना त्यांच्या धर्मसंघाने इंग्लंडला परत बोलावल्यानंतर, ते अमेरिकेत लुई आर्मस्ट्राँगना भेटले आणि आर्मस्ट्राँगनी या मुलांसाठी एक ट्रम्पेट पाठविला. त्याची कथा पुष्कळांनी लिहिली आहे. अंकल सौदांविषयी मात्र दोन ओळींपलीकडे काही लिहिलेले सापडत नाही. देणगी देणाऱ्याचे नाव राहते, शिकविणाऱ्याचे पुसले जाते, हे तेथेही आपल्यासारखेच.

ट्रॉम्बोन या वाद्याविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. आपण लग्नाच्या वरातीत ते पाहिलेले असते. वादक पुढेमागे सरकवतो ती लांब पितळी नळी. पेटीची पट्टी दाबली की स्वर निघतो. तो बरोबरच असतो, मग दाबणारा कोणीही असो. ट्रॉम्बोनला पट्ट्या नाहीत, नेहमीच्या प्रकारात कळाही नाहीत. सरकत्या नळीच्या सात जागा असतात, पण त्या जागांवर खूण केलेली नसते. ओठांचे कंपन, श्वासाचा जोर आणि कान या तिघांनी मिळून स्वर शोधायचा. म्हणून पुस्तकावरून हे वाद्य येत नाही. समोर बसून ऐकणारा आणि ‘चुकले, पुन्हा’ म्हणणारा माणूस त्याला लागतो.

अशी माणसे तयार होऊ नयेत यासाठी त्या देशातील राज्यसंस्था किती बारकाईने काम करीत होती ते पाहण्यासारखे आहे. १९१३ च्या जमीन कायद्याने बहुसंख्य आफ्रिकी जनतेच्या वाट्याला देशाची सुमारे सात टक्के भूमी ठेवली. १९३६ च्या कायद्याने ती मर्यादा तेरा टक्क्यांच्या आसपास नेली. हेतू उघड होता. शेतीवर जगता आले नाही की माणूस सोन्याच्या खाणीत स्वस्त मजूर म्हणून येतो. आणि त्याचे कुटुंब गावी राहिले की कुटुंब पोसण्याइतकी मजुरी द्यावी लागत नाही. वंशद्वेष हा या व्यवस्थेचा आत्मा मानला जातो. तो होताच, पण तिचा हिशेब खाणमालकांच्या वहीत लिहिलेला होता. १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याने या हिशेबाला शाळेची जोड दिली. काळ्या मुलाला गोऱ्या समाजात ठरावीक मजुरीपलीकडे स्थान नाही, तेव्हा त्याला त्यापलीकडचे शिकवायचे कशाला, अशी भूमिका त्या खात्याचे मंत्री फर्वुर्ड यांनी १९५४ साली सिनेटमध्ये उघडपणे मांडली. मिशनांनी आपल्या शाळा शासनाच्या स्वाधीन कराव्यात किंवा अनुदानावाचून चालवाव्यात, असा पेच पडला. सेंट पीटर्स १९५६ मध्ये बंद पडली. सोफियाटाऊन १९५५ पासून पाडायला घेतले होते. बँड उभा राहिला त्याच दोन-तीन वर्षांत त्याच्या पायाखालची शाळा आणि वस्ती दोन्ही काढून घेतल्या गेल्या.

तरीही ही मुले वाजवीत राहिली. १९५९ साली ग्वांगवा, मासेकेला, पियानोवर डॉलर ब्रँड (पुढे अब्दुल्ला इब्राहिम) आणि सॅक्सोफोनवर किपी मोएकेत्सी यांनी ड्रम व बासवादक घेऊन ‘जॅझ एपिसल्स’ हे पथक बांधले. दक्षिण आफ्रिकेतील काळ्या जॅझ वादकांच्या पथकाची पहिली लाँग-प्ले ध्वनिमुद्रिका १९६० मध्ये निघाली ती त्यांची. ती फार थोड्या प्रतींची होती. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे पासच्या कायद्याविरुद्ध जमलेल्या निःशस्त्र लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. ६९ माणसे मेली. आणीबाणी आली, आफ्रिकन नॅशनल काँग्रेसवर बंदी आली, माणसे जमणे हाच गुन्हा झाला. जमल्यावाचून संगीत होत नाही. पथक मोडले. ‘किंग काँग’ या संगीत नाटकाच्या वादकवृंदात ग्वांगवा होते. ते नाटक १९६१ मध्ये लंडनला गेले आणि त्याबरोबर गेलेले ग्वांगवा तीस वर्षे मायदेशी परतू शकले नाहीत.

अमेरिकेत ते मॅनहॅटन स्कूल ऑफ म्युझिकमध्ये शिकले. हॅरी बेलाफाँटे आणि मिरियम मकेबा यांच्या १९६५ च्या संयुक्त ध्वनिमुद्रिकेचे संगीत-संयोजन त्यांनी केले. तिला पुढल्या वर्षी ग्रॅमी पुरस्कार मिळाला. एका निर्वासित वादकाला न्यूयॉर्कमध्ये याहून चांगला जम बसविता येणार नाही. अर्थशास्त्रात एखाद्या निवडीची किंमत तिच्यापायी सोडून दिलेल्या लाभावरून मोजतात. या मोजमापाने ग्वांगवांची पुढची निवड फार महाग होती.

१६ जून १९७६ रोजी सोवेटोतील शाळकरी मुले आफ्रिकान्स भाषेच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर आली आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर हजारो तरुण सीमा ओलांडून गेले. बांटू शिक्षणाखाली वाढलेली ही पिढी. त्यांतले पुष्कळ अंगोलातील लष्करी छावण्यांत पोचले, काही टांझानियात माझिंबू येथे काँग्रेसने उभारलेल्या शाळेत. या छावण्यांत संध्याकाळी गाणी होत. १९७८ मध्ये हवाना येथील जागतिक युवक महोत्सवासाठी त्यांतल्या काहींचे पथक पाठविले गेले आणि त्यातून ‘अमांडला’ या सांस्कृतिक पथकाची कल्पना पक्की झाली. अमांडला म्हणजे सत्ता, बळ. सभांमध्ये दिली जाणारी ही घोषणा होती. काँग्रेसचे अध्यक्ष ऑलिव्हर टाम्बो स्वतः पूर्वी सेंट पीटर्समध्ये गणित-विज्ञान शिकविणारे आणि गायनवृंद चालविणारे मास्तर होते, ही गोष्ट येथे लहान नाही. गाण्याला तालीम लागते आणि तालमीला मास्तर लागतो, हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाही. अमेरिका सोडून बोट्स्वानात राहायला आलेल्या ग्वांगवांकडे १९८० मध्ये हे पथक सोपविले गेले आणि जवळजवळ १९९० पर्यंत ते त्यांच्याकडे राहिले.

आता या कामाचे स्वरूप पाहा. हाती असलेली मुले कलाशाळेतून निवडून आलेली नव्हती. ती सैनिक होती, विद्यार्थी होती; बहुतेकांनी रंगमंच पाहिलेलाही नव्हता. दौरा ठरला की छावण्यांतून माणसे गोळा करायची, त्यांची तालीम घ्यायची, दौरा संपला की ती आपापल्या कामावर परत. पुन्हा नवी माणसे, पुन्हा आरंभापासून. वेतन नाही, वाद्ये अपुरी. अशा सामग्रीतून ग्वांगवांनी सुमारे दोन तासांचा प्रयोग बांधला: समूहगायन, जॅझ, कवितावाचन, नाट्यप्रवेश, खाणमजुरांचे गमबूट घालून केलेले नृत्य आणि देशातील निरनिराळ्या जमातींची नृत्ये. आफ्रिकेतील देश, युरोप, सोव्हिएत संघ, लॅटिन अमेरिका येथे हे पथक फिरले. स्वीडनमध्ये आणि सोव्हिएत संघात त्याच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या.

यातील गमबूट नृत्य मला विशेष मोलाचे वाटते. खाणीत पाणी साचे, म्हणून मजुरांना रबरी बूट दिलेले असत. बोलण्यावर बंधने असलेल्या मजुरांनी त्या बुटांवर थापा मारून ताल धरला आणि त्याचे नृत्य झाले. मालकाने दिलेल्या उत्पादनसाधनाचे वाद्य करण्याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

जमातींच्या नृत्यांची बाब त्याहून राजकीय होती. वर्णभेदी राजवटीचे सूत्र असे की काळ्यांचे एक राष्ट्र नाहीच. झुलू निराळे, खोसा निराळे, सोथो निराळे, व्हेंडा निराळे, आणि प्रत्येकाला त्याचे निराळे ‘स्वदेश’ द्यावे. लोकनृत्यांना त्या राजवटीचा विरोध नव्हता. उलट प्रत्येकाने आपल्या कुंपणात आपले नृत्य करावे अशी तिची इच्छा होती. अमांडलात झुलू मुलगा सोथो नृत्य शिकला आणि त्स्वाना मुलगी झुलू पदन्यास. परंपरा तीच, पावले तीच. कुंपण मात्र तालमीत मोडले. आपल्याकडे राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने वसंत बापटांच्या लेखणीतून ‘महाराष्ट्र दर्शन’, ‘भारत दर्शन’ हे कार्यक्रम केले त्यांमागची दृष्टी ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. दुसऱ्या प्रांताविषयी भाषण ऐकणे आणि दुसऱ्या प्रांताचे पाऊल स्वतःच्या पायांनी टाकणे यांत अंतर आहे.

परंतु हेतू शुद्ध आहे म्हणून स्वर बेसूर चालेल, ही सवलत ग्वांगवांनी घेतली नाही. परदेशातील श्रोते सहानुभूतीने आले होते. त्यांनी टाळ्या वाजविल्याच असत्या. आपल्या चळवळीतील कलेचा निम्मा नाश या टाळ्यांनी केला आहे. ग्वांगवा स्वतः किपी मोएकेत्सींसारख्या कठोर वादकाबरोबर उभे राहिलेले, न्यूयॉर्कमध्ये शिकलेले. त्यांच्या कानाला सहानुभूतीने फसविणे शक्य नव्हते. जुलै १९८२ मध्ये बोट्स्वानाच्या राजधानीत, गाबोरोने येथे, मेडू या कलावंतांच्या मंडळाने ‘संस्कृती आणि प्रतिकार’ या विषयावर मोठा मेळावा भरविला. ग्वांगवा या मंडळातले. ‘कलावंत’ या शब्दाऐवजी ‘सांस्कृतिक कामगार’ हा शब्द तेथे रूढ झाला. अनेकांना तो रुक्ष वाटतो. मला तो योग्य वाटतो, कारण कामगार म्हटले की कौशल्य आले, शिस्त आली, हत्यारे आली आणि त्या हत्यारांची व्यवस्था कोण करणार हा प्रश्नही आला.

प्रिटोरियाच्या राज्यकर्त्यांनी या कामाचे महत्त्व आपल्यापेक्षा अधिक ओळखले होते. १४ जून १९८५ च्या पहाटे दक्षिण आफ्रिकेच्या सैन्याने सीमा ओलांडून गाबोरोने येथे छापा घातला आणि १२ माणसे मारली. त्यांत मेडूचे चित्रकार थामी म्न्येले होते. त्या वर्षी ग्वांगवांचे राहते घरही स्फोटाने उडविले गेले. ते थोडक्यात बचावले.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. अमांडलाची मुले ज्या अंगोलातील छावण्यांतून येत, त्याच छावण्यांत हेरगिरीच्या संशयावरून बंदिवास, छळ आणि काही प्रसंगी देहदंड घडले. १९८४ मध्ये तेथे बंड झाले व ते दडपले गेले. पुढे काँग्रेसनेच नेमलेल्या आयोगांनी १९९२ व १९९३ मध्ये आणि नंतर सत्य व सलोखा आयोगाने याची नोंद केली. जगापुढे मुक्तीचे गाणे गाणाऱ्या पथकामागे हेही होते. चळवळीचे गाणे चळवळीच्या सर्व कृत्यांचे समर्थन करीत नाही. आणि त्या कृत्यांमुळे गाणे खोटेही ठरत नाही. लोकशाही समाजवाद्याला दोन्ही वाक्ये म्हणता आली पाहिजेत.

१९८७ मध्ये रिचर्ड अॅटनबरो यांचा स्टीव्ह बिको यांच्यावरील ‘क्राय फ्रीडम’ हा चित्रपट आला. त्याचे संगीत ग्वांगवा आणि जॉर्ज फेंटन यांनी मिळून केले. संगीत आणि गीत या दोहोंसाठी त्यांची ऑस्करला नामांकने झाली. हेच फेंटन त्याआधी, १९८२ च्या ‘गांधी’ चित्रपटात, पंडित रविशंकरांचे सहकारी होते. आपल्या देशाने १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला, १९७४ मध्ये डेव्हिस चषकाचा अंतिम सामना सोडून दिला. त्या नात्यातला हाही एक लहानसा धागा. १९९१ मध्ये ग्वांगवा मायदेशी परतले. तीस वर्षांच्या वनवासाविषयी त्यांची वृत्ती कशी होती हे त्यांच्या एका ध्वनिमुद्रिकेच्या नावावरून कळते. त्याचा अर्थ ‘तात्पुरती गैरसोय’ असा आहे. २०१० मध्ये त्यांना इखामांगा हा राष्ट्रीय सन्मान सुवर्णश्रेणीत मिळाला. मृत्यू आला तो कोविडच्या साथीत, अंत्ययात्रेला पन्नासांहून अधिक माणसे नकोत असा नियम असताना.

आता आपल्याकडे पाहू. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने गिरणगाव आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राची चळवळ जागती ठेवली. अण्णाभाऊ आणि अमर शेख दोघेही १९६९ मध्ये गेले. अण्णाभाऊंचे अखेरचे दिवस दारिद्र्यात गेले. सेवा दलाच्या कलापथकातून निळू फुले यांच्यासारखे नट मिळाले. ही नावे आपण अभिमानाने घेतो. परंतु या पथकांची परंपरा पुढे क्षीण का झाली याचा विचार करताना आपण दूरदर्शन, चित्रपट आणि बदलता काळ यांना दोष देऊन मोकळे होतो. कारण त्याहून घरगुती आहे. पहिली पिढी प्रतिभेवर उभी राहिली. दुसरी पिढी शिकवून तयार करावी लागते, आणि शिकविण्याची तरतूद आपण केली नाही. कोणत्याही जिल्हा शिबिराचे अंदाजपत्रक काढून पाहावे. मंडप, ध्वनिक्षेपक, भोजन, प्रवास, छपाई यांना स्वतंत्र रकाने असतात. कलापथकाचा खर्च ‘किरकोळ’ या रकान्यात सापडतो.

यावर कोणी म्हणेल की ग्वांगवांच्या मागे एक मोठी संघटना आणि मित्रराष्ट्रे होती, आपल्या शाखांकडे काय आहे? आक्षेप रास्त आहे, पण पुरा नाही. आपल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी एक तरी बँड असतो. मीरतच्या जली कोठीत आजही पितळी वाद्ये तयार होतात आणि देशभर जातात. त्या बँडमध्ये कॉर्नेट, युफोनियम, ट्रॉम्बोन वाजविणारी माणसे बहुधा दलित आणि गरीब मुस्लिम वस्त्यांतली. वरातीत सर्वांच्या पुढे चालणारी आणि पंगतीला सर्वांच्या शेवटी बसणारी. त्यांची संघटना नाही, किमान वेतन नाही, नोंद नाही. गोव्याच्या चर्चमधील शाळांनी निदान मुलांना स्वरलेखन शिकविले, म्हणून तेथले वादक मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदापर्यंत पोचले. आपल्या बँडवाल्याला तेवढेही मिळाले नाही. तो बापाकडून ऐकून शिकला. तरीही दहा पोरांना एका तालात आणण्याची विद्या त्याच्यापाशी आहे आणि ती गावातील दुसऱ्या कोणापाशीही नाही.

देवशयनी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत हा बँडमास्तर रिकामा असतो. त्या चार महिन्यांत शाखेच्या जागेत आठवड्यातून तीन संध्याकाळी त्याने वस्तीतील मुलामुलींना शिकवावे, त्याला त्याचे ठरलेले मानधन महिन्याच्या महिन्याला मिळावे आणि ते ‘शिक्षण’ या रकान्यात लिहिले जावे. त्याच्या घरी जाऊन हे त्याला विचारायचे काम तालुका चिटणीसाचे आहे. आषाढापूर्वी ते झाले तर या वर्षीच आरंभ होऊ शकेल.